लांबून पाहिलेलं बेट

ओमानमधल्या दुक्मच्या बंदरात मी सर्व्हेच्या कामावर होतो, तेव्हा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर जगातल्या समुद्रांचा मोठा नकाशा होता. जेवणाच्या सुट्टीत मी तो वाचत बसे. दुक्ममध्ये करमणूक बेताचीच. फ्रेंच नौदल अधिकाऱ्यांची नावं त्यावर जिकडेतिकडे होती. बेटांना, सामुद्रधुन्यांना, पेंग्विनांखेरीज कुणी राहत नाही अशा खडकांना. त्यातल्या एकाने तर आपलं बेट धुक्यातून लांबूनच पाहिलं होतं. स्वतः तिथे पाय ठेवला नाही, पण परत जाऊन राजाला सांगितलं की सुपीक भूमी सापडली. या गृहस्थाचं मला फार हसू यायचं.

एकदा सकाळी अकराच्या सुमारास बायकोचा फोन आला. ती मस्कतला, वादी अदाई भागात. माझे वडील पुण्याहून आमच्याकडे आलेले. त्यांच्या छातीत दुखत होतं, दरदरून घाम सुटला होता. तिला अरबी येत नव्हतं, म्हणून ॲम्ब्युलन्स मी बोलावली, दुक्महून फोनवर, पाच-सहा तासांच्या अंतरावरून.

आमच्या गल्लीला नाव नव्हतं. तिथे आपली माणसं पत्ता दुकानावरून सांगतात, आणि आमची गल्ली म्हणजे रत्नागिरीच्या चाचांच्या किराणा दुकानामागची. ड्रायव्हरला हिंदी येत होतं. हिरवी पाटी, दाराशी आइस्क्रीमचा फ्रीज, सगळं मी त्याला अधिकारवाणीने सांगितलं. तो दोनदा फिरून गेला. मग त्याने अगदी सौम्यपणे विचारलं, तुम्ही नक्की इथेच राहता ना?

मी बायकोला विचारलं.

"अरे, चाचा केव्हाच दुकान विकून गावी गेले. तिथे लॉन्ड्री आहे आता. सांगितलं होतं मी तुला."

सांगितलं असणार. महिन्यातून दोन दिवस मी घरी जायचो आणि ते झोपून काढायचो.

त्या रस्त्यावर लॉन्ड्र्या चार. शेवटी ती दार उघडं ठेवून खाली गेली आणि लाल चादर हलवत रस्त्यावर उभी राहिली. मी फोनवर गाड्यांचे आवाज ऐकत होतो. समोर ते बेट होतं, अक्षांश-रेखांशांसकट.

ॲम्ब्युलन्सवाल्यांना घेऊन ती वर आली, तोवर वडील गेले होते.

"त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं रे," ती म्हणाली.

पुण्याहून दिवस करून परतलो. नकाशा तिथेच होता. मी टेबल फिरवून घेतलं. शेजारच्याने कारण विचारलं, तेव्हा खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणालो.