चिखलाचे टायर

चौतीस वर्षं मोजणीदारांनी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. आधी साखळी होती, मग टेप आली, मग तिपाईवरचं यंत्र आलं, पण मोजणीदारांची जागा काही बदलली नाही. खात्याच्या जीपमध्ये मागचं बाक, गुडघ्यांच्या मध्ये नकाशांची नळी. पुढे साहेब, स्टिअरिंगवर ड्रायव्हर. रस्ता संपला की जीप थांबायची आणि साहेब म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." ते कधी येत नसत. मोजणीदार पायी चढायचे, खुणेचे दगड रोवायचे, आणि वर पोचल्यावर दर वेळी मनात म्हणायचे, एकदा इथे स्वतःच्या गाडीने यायचं. शेजारच्या सीटवर हिला बसवून.

म्हणून निवृत्त झाल्यावर महिन्याच्या आत त्यांनी एक जुनी, चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोर गाडी घेतली. उंच, चौकोनी, मळकट हिरवी. आधीच्या मालकाने तिला चिखलाचे टायर बसवले होते. इतक्या जाड नक्षीचे, की दोन खाचांमध्ये अंगठा आडवा मावावा. मोजणीदारांचा जीव गाडीपेक्षा त्या टायरांवर जास्त जडला. रोज सकाळी ब्रशने खाचांतले खडे काढायचे. बायको गॅलरीतून म्हणायची, "दात घासून झाले का तिचे? मग आता स्वतःचे घासा."

ती टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली. पंचवीस वर्षं कानाला हेडफोन लावून फोन जोडायच्या बोर्डावर बसलेली, त्यामुळे कान तीक्ष्ण आणि जीभही. मोजणीदारांनी वहीत सहा ठिकाणं लिहून ठेवली होती. पहिल्या ठिकाणी जायचं ठरलं त्याच्या आदल्या आठवड्यात तिचे पाय सुजले. तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती.

तेव्हापासून चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर. डोंगरासाठी घेतलेली गाडी शहरातल्या सिग्नलांवर उभी राहायला शिकली. डांबरावर ते जाड टायर असे घुमायचे, की शेजारच्या रिक्षावाल्याने वळून बघावं. बायको म्हणायची, "काढा तुमची गिरणी." येताना मात्र ती काही म्हणत नसे. चार तास मशीनला जोडून राहिल्यावर तिच्यात बोलायचं त्राण नसे. सीट मागे टाकून, डोळे मिटून पडून राहायची.

एका सोमवारी हॉस्पिटलच्या पार्किंगचा चढ नुकताच धुतला होता. चौथ्या मजल्याच्या वळणावर पुढची गाडी थांबली, मोजणीदारांनी ब्रेक दाबला, आणि आपली गाडी थांबायच्या ऐवजी हातभर मागे घसरली. मागच्याने हॉर्न वाजवला. बायकोने नुसतं दार घट्ट धरलं. वर पोचल्यावर वॉचमनने वाकून चाकाकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, टक्कल पडलंय की."

मोजणीदारांनी पाहिलं. खरंच. इतकी वर्षं खडे काढत होते, पण खाच उथळ होत चाललेली नजरेत भरली नव्हती. रोज बघणाऱ्याला म्हातारपण दिसत नाही, तसं काहीसं झालं होतं.

ती मशीनवर असताना ते दोन चौक पलीकडच्या टायरच्या दुकानात गेले. लांबट दुकान, छतापर्यंत रचलेल्या टायरांचा नव्या रबराचा वास, मागच्या बाजूला हवेच्या कॉम्प्रेसरचा धडधडाट. टायरवाला पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"असेच पाहिजेत," मोजणीदार म्हणाले. "चिखलाचे. जाड नक्षीचे."

"कच्च्या रस्त्याला जाणं किती असतं तुमचं?"

"असतं ना. दर आठवड्याला असतं," मोजणीदार म्हणाले. का म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही. तोंडातून निघून गेलं.

टायरवाला जमिनीवर बसला. डाव्या पुढच्या चाकावरून तळहात फिरवला, आधी एका बाजूने, मग उलट. मग चारही चाकं बघून आला आणि हात पुसत म्हणाला, "साहेब, रागवू नका. कच्च्या रस्त्याला फिरलेल्या टायरला दगडांचे काप असतात. कडा तुटलेल्या असतात. यांना एक काप नाही. हे नुसते डांबरावर झिजलेत." मग त्याने विचारलं, "गाडी रोज कुठे गोल गोल चढते का? उजवीकडे वळत? डाव्या चाकाची बाहेरची कड फार खाल्लीय."

मोजणीदारांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. जन्मभर लोकांच्या हद्दीच्या थापा त्यांनी टेप लावून उघड्या पाडल्या होत्या. आज त्यांचीच मोजणी झाली होती.

"हॉस्पिटलचं पार्किंग," ते म्हणाले. "आठवड्यातून तीनदा. बायकोचं डायलिसिस असतं."

टायरवाल्याने मान हलवली. कीव केली नाही, हे मोजणीदारांना बरं वाटलं. तो म्हणाला, "मग तुम्हाला साधे रस्त्याचे टायर घ्यावे लागतील. ओल्यात पकड चांगली, आवाज नाही. काकूंनाही बरं. एक मात्र सांगतो, चारही एकदम बदला, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. फोर बाय फोरला दोन नवे दोन जुने चालत नाहीत. चाकांचा घेर कमीजास्त झाला की ती आपसात ओढाताण करतात आणि मार गिअरबॉक्सला बसतो."

मोजणीदारांनी साध्या टायरवर बोट फिरवलं. गुळगुळीत, सरळ रेघांचा, एखाद्या कारकुनाच्या भांगासारखा. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि निघाले.

त्या रात्री जेवताना मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. टायरचं ऐकल्यावर म्हणाली, "बाबा, मी कधीची सांगतेय. ते धूड विका आणि एखादी छोटी गाडी घ्या. आईला चढायला-उतरायलाही सोपी."

"बघू," मोजणीदार म्हणाले. फोन ठेवून त्यांनी बायकोला सांगितलं, "साधेच घेतो. रस्त्याचे. तुला आवाजाचा त्रास होतो. आणि आता कुठे जायचंय आपल्याला?"

बायकोने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. तिला दिवसभराचं पाणी मापून मिळायचं, ती त्यातला एक घोट प्यायली. मग म्हणाली, "त्रास होतो म्हणून मी कधी म्हणाले?"

"गिरणी म्हणतेस की."

"मी तुमच्या घोरण्यालाही काहीबाही म्हणते. म्हणून तुम्हाला विकलं का?" मग तिचा आवाज खाली आला. "हे बघा. साधे टायर घ्यायचे तर खुशाल घ्या. तुम्हाला चढ झेपत नाही म्हणून घ्या, डोळ्यांना दिसत नाही म्हणून घ्या. पण माझं नाव पुढे करून डोंगर सोडू नका. पाच वर्षांनी तुम्ही खिडकीत बसाल आणि तोंडाने काही बोलणार नाही, पण तुमच्या कपाळावर लिहिलेलं असेल, हिच्यामुळे राहिलं. मला ते वाचत बसायचं नाही."

मोजणीदार म्हणाले, "तसं नाही गं."

"तसंच आहे. शनिवारी मला घेऊन चला दुकानात."

शनिवारी डायलिसिस नव्हतं. टायरवाल्याने एक खुर्ची फडक्याने पुसून कॉम्प्रेसरपासून लांब ठेवली. बायको त्यावर बसली आणि बोर्डावर बसल्यासारखी प्रश्न विचारू लागली. ओल्यात कोणते घसरत नाहीत? आवाज कशामुळे होतो? खडी लागली तर साध्याचं काय होतं? टायरवाला आधी मोजणीदारांकडे बघून उत्तरं देत होता. तिसऱ्या प्रश्नापासून तिच्याकडे वळला.

"काकू, मधला एक प्रकार आहे," तो म्हणाला. "डांबर आणि कच्चा, दोन्हीला चालतो. चिखलात रुतायला गेलात तर तो काही तुम्हाला बाहेर काढणार नाही. पण मुरूम, खडी, चढ आरामात. आवाज साध्यापेक्षा थोडा जास्त, याच्यापेक्षा बराच कमी."

"थोडा म्हणजे किती?"

टायरवाला हसला. "ते तोंडाने कसं सांगू?"

"मग ऐकवा."

त्याच्या स्वतःच्या पिकअपला त्याच नक्षीचे टायर होते. तिला पुढे बसवायला त्याने आणि मोजणीदारांनी मिळून हात दिला; मोजणीदार मागे बसले, गुडघे पोटाशी घेऊन. बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "आता कोणी बोलू नका." डोळे मिटले. चाळीस, साठ, सत्तर. मोजणीदार मागून तिच्या मानेकडे बघत होते. तिथली हाडं इतकी वर आलीत, हे त्यांना घरात कधी दिसलं नव्हतं.

"लांबच्या लाइनवर कोणी बोलत नसलं की असा आवाज यायचा," डोळे उघडून ती म्हणाली. "याच्यावर झोप लागेल. हेच घ्या."

दुकानात परतल्यावर टायरवाल्याने माळ्यावरून टायर उतरवले आणि चष्मा लावून प्रत्येकाच्या कडेवरचे आकडे बघितले. मोजणीदारही वाकले. शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल, हे त्यांना त्याने समजावलं. तीन टायर याच वर्षीचे होते. चौथा तीन वर्षं जुना.

"हा मी आत्ता बसवला असता तर तुम्हाला कळलंही नसतं," टायरवाला म्हणाला. "पण रबर पडून पडूनही म्हातारं होतं. आठवडाभर थांबा, नवा मागवतो."

तो आठवडा त्यांनी रिक्षाने काढला. चौथा टायर आल्यावर गाडी जॅकवर चढली. मोजणीदार बाजूला उभे राहून एकेक नट सुटताना बघत होते. नवे बसले, तोलून झाले, चाकांची दिशा सरळ करून झाली. टायरवाला म्हणाला, "पहिले शंभर-दोनशे किलोमीटर बेताने चालवा, नवा टायर गुळगुळीत असतो. आणि एकदा येऊन नट आवळून घ्या." जुन्यातला त्यातल्या त्यात बरा एक स्टेपनीला ठेवू का, असं मोजणीदारांनी विचारलं. "घेर जमणार नाही," तो म्हणाला. "माया करू नका, साहेब." मोजणीदारांनी स्टेपनीही नवी घेतली.

नंतरच्या महिन्यात एका रविवारी, डॉक्टरांना विचारून, ते निघाले. वहीतल्या सहांपैकी सगळ्यात जवळचं ठिकाण. दोन तास डांबर आणि शेवटचे सात किलोमीटर मुरमाचा चढ. औषधांची पिशवी, तिचं मापलेलं पाणी, उशी, चादर. कच्चा रस्ता सुरू झाला तेव्हा मोजणीदारांनी गाडी थांबवली, खाली उतरले, चारही चाकांभोवती एक फेरी मारली, पुन्हा बसले आणि फोर बाय फोरच्या दांड्याला हात घातला. चार वर्षांत पहिल्यांदा. तो आधी हललाच नाही. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा खाडकन पडला.

अर्ध्या वाटेत तिला झोप लागली. खड्ड्याने जाग येऊ नये म्हणून मोजणीदार इतके सावकाश चढले, की शेवटी थांबलेच. इंजिन बंद केलं. पाऊण तास तसेच बसून राहिले. तिने डोळे उघडून विचारलं, "आलं का?"

"हो," मोजणीदार म्हणाले.

तिने काचेतून पाहिलं. "थापा मारू नका. रस्ता पुढे जातोय."

"तू दमलीस."

"दमलेय. चला पुढे."

वर वारा भयंकर होता. तिला दार उघडवेना, म्हणून ती आतच बसली, काच दोन बोटं खाली करून. मोजणीदार बाहेर उभे राहून हातवारे करत सांगत होते, ती ओढ्याची हद्द, तो माझा दगड, तिथे दोन भावांची मारामारी झाली होती. वाऱ्यात तिला निम्मं ऐकूच आलं नाही, तरी ती मान हलवत राहिली. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "आता मात्र घरी."

पुढचे दोन दिवस ती डायलिसिसपुरतीच अंथरुणावरून उठली. सोमवारी मशीनवर पाय इतके आखडले, की नर्सला चोळावे लागले. मुलीने फोनवर दोघांचीही हजेरी घेतली. मोजणीदार खाली मान घालून ऐकत होते. बायकोने त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"त्यांना कशाला बोलतेस? मी गेले होते," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात वहीबाहेरचं, जरा जवळचं बघू. तू येतेस का? मागची सीट रिकामी असते."