सासऱ्याच्या मापाची नाव

केवलरामला कोणी विचारलं, बाबा तू शिकला किती, तर तो म्हणे, "दोर बांधण्यापुरता." आणि ते खोटं नव्हतं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तो तिथे खलाशी होता. जहाजावरचा नव्हे, बरं का. दोरानं अन् साखळी-कप्पीनं जड लोखंड वर चढवणारा, त्याला कारखान्यात खलाशी म्हणत. गर्डरकडे डोळे बारीक करून एकदा पाहिलं की हा वजन सांगणार, आणि मागून काटाही तेच सांगणार. त्याची गाठ सुटली असं कधी कोणी ऐकलं नाही. पण पाण्याची त्याला भारी भीती. भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीतला चिखल तेवढा ओळखीचा. पाय टेकणार नाही असं पाणी दिसलं की गडी दोन पावलं मागे.

अशा माणसाला नाव बांधायची वेळ आली ती सासऱ्यापायी.

साठ सालच्या उन्हाळ्यात देवाजी, म्हणजे केवलरामच्या बायकोचा, मनकर्णेचा बाप, भिलाईजवळच्या रुआबांध्याला लेकीकडे आला. सासू वारलेली, गावी दुसरं कोणी नाही, आणि तलावाच्या पाळीवरून घसरून खुबा मोडलेला. हाड जुळलं, पण डावा पाय काठीसारखा ताठ राहिला. जन्मभर डोंग्यात उकिडवं बसून जाळं फेकणारा माणूस, आता त्याला डोंग्यात बसताच येईना.

बरं, लेकीच्या घरचं अन्न फुकट खायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. देवाजी ती पक्की पाळी. अर्धी भाकर खाऊन "पोट भरलं माय" म्हणे अन् ताटावर हात आडवा धरी. महिनाभरात गळ्याची हाडं दिसायला लागली. एके दिवशी त्यानं सांगून टाकलं, "पोळ्याच्या आत मी गावाले जातो."

"तिथं कोण हाय तुमाले?" मनकर्णा म्हणाली.

"घर हाय."

घर म्हणजे काय, तर चार भिंती अन् विझलेली चूल. म्हातारा तिथे एकटा पावसाळासुद्धा काढणार नाही, हे केवलरामला दिसत होतं. तोंडानं समजावणं त्याला जमत नसे. तो जवळच्या सुपेल्याला गेला. तिथल्या रामाजीच्या धानाच्या गिरणीचं इंजिन चौथऱ्यावर चढवायचं अडून बसलं होतं. यानं एकट्यानं कप्पी लावून ते अलगद बसवलं आणि मजुरी म्हणून तेलाची सहा रिकामी पिंपं मागितली.

"पिंपांचं काय करतं रे?" रामाजीनं विचारलं.

"सासऱ्याले बसवतो त्यायच्यावर."

रामाजी कितीतरी वेळ हसत होता.

केवलरामचा हिशोब सरळ होता. म्हाताऱ्यानं मासे आणले की ते अन्न फुकटचं नव्हे, म्हणून उभ्यानं जाळं फेकता येईल अशी नाव. गर्डर हवेत लटकतो तेव्हा दोर तोलतो. इथे पाणी तोलेल. एक पिंप चार मण सहज उचलेल. तीन इकडे, तीन तिकडे, मधे हातभर जागा मोकळी, वर बांबू अन् सरईच्या लाकडाच्या फळ्या. रुंद राहिली की कलंडणार नाही. म्हाताऱ्याला बसावं लागणार नाही अन् पडताही येणार नाही, म्हणून मागे कमरेइतका कठडा, टेकून उभं राहायला. पण कंबर किती उंच? विचारायची सोय नव्हती. देवाजी दुपारचा आडवा झाला होता. केवलराम दोरी घेऊन हळूच माप घ्यायला लागला. टाचेपासून कंबर, कंबरेपासून खांदा.

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. अंगणात बांबू, हातात दोरी.

"जवाईबापू, जरा थांबा की. जीव जाऊ द्या, मंग बांधा तिरडी."

मनकर्णा पदर तोंडात कोंबून आत पळाली. केवलराम लाजला अन् मग सगळं सांगावं लागलं.  संध्याकाळी देवाजीनं सोबत आणलेल्या जाळ्याची फाटलेली घरं शिवायला घेतली.

पंधरा दिवसांत नाव झाली. खिळा नाही, वेल्डिंग नाही, सगळी दोराच्या गाठींवर. रुआबांध्याच्या तलावाच्या काठी भर दुपारी केवलरामनं पिंपांची बुचं पान्यानं आवळली, ताकद लावून, घाम गाळत. मग नाव पाण्यात ढकलली, सासऱ्याला चढवलं अन् डोळे मिटून स्वतःही चढला.

ती तरली! म्हातारा कठड्याला टेकून ताठ उभा राहिला. जाळ्याची एक कड दातात धरली, हात मागे नेला, आणि पायाखाली "धडाम!" झालं. मग पुन्हा. एकेका पिंपाचा पत्रा आत बसत होता अन् बंदुकीसारखा वाजत होता. काठावरच्या म्हशी उधळल्या. मासे तर केव्हाच दूर गेले.

"जवाईबापू," जाळं खाली ठेवत देवाजी म्हणाला, "नाव बेस हाय, पण तिले ढेकर फार." हसला नाही मात्र. घरी आल्यावर त्यानं आपली वळकटी बांधली.

केवलराम ओसरीवर डोकं धरून बसला. गाठ सुटली नाही, वजन चुकलं नाही, मग पत्रा का बसला? मनकर्णेनं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "अवो, भाताच्या ताप्या गंजावर घट्ट झाकण बसवलं आन् गंज थंडा झाला, तं झाकण कसं चिपकून बसते? आतली वाफ आटते. तुमी भर उन्हात बुचं आवळली, आन् मंग पिंप थंड्या पाण्यात टाकले."

 केवलराम उठला, तलावावर गेला, नाव काठावर ओढून सगळी बुचं सैल केली. पिंपांनी फुस्स करून हवा आत घेतली. परत येऊन तो सासऱ्यापुढे उभा राहिला.

"मामाजी, सकाळी एकडाव चला. तुमच्यासाठी नाई म्हणत. मले पाण्याचं भेव वाटते. मी बुडलो तं काढाले कोणी पाह्यजे ना?"

खऱ्या भीतीला नाही कसं म्हणावं? देवाजी निघाला.

पहाटेच्या गारव्यात बुचं आवळली. नाव पाण्यात गेली ती गप्प, मांजरीसारखी. देवाजी कठड्याला रेलला. कठडा बरोबर कमरेला लागला, बोटभर इकडे नाही की तिकडे. जाळं हवेत सुपासारखं नव्हे, पुऱ्या चंद्रासारखं गोल उघडलं अन् पाण्यावर टेकलं. केवलराम दोन्ही हातांनी बांबू धरून बसला होता, तरी ते बघायला विसरला नाही. तिसऱ्या फेकीत दोन रोहू आले, एक तर हातभर लांब.

देवाजीनं मासे स्वतः चुलीपाशी नेऊन ठेवले. दुपारी ताट समोर आलं. पहिला घास खाल्ला अन् म्हातारा कडाडला, "मने, भिलाईतल्या मिरच्या सरल्या काय? हा काय रस्सा हाय? आन् भात कावून एवढुसा? वाढ अजून!"

आल्यापासून बापानं तिच्या हातच्या जेवणाला पहिल्यांदा नाव ठेवलं होतं. पाहुणा काही असं बोलत नाही. मनकर्णा भात वाढता वाढता चुलीकडे तोंड करून डोळे पुसू लागली.

"तिकडं काय करतं?" देवाजी म्हणाला. "जवाईबापूले बी वाढ. पाह्य, त्यायच्याबी डोयात पाणी हाय."

"तिखट लागलं, मामाजी," केवलराम म्हणाला.