आकारामतात्यांच्या दारातल्या वहाणा

आष्ट्याच्या स्टँडसमोर आकारामतात्यांनी टायपिंगचं दुकान मोडून लग्नपत्रिका जुळवायला कॉम्प्युटर आणला, तेव्हा तो बघायला पार कवठे महांकाळहून पाव्हणे आले होते. मशीनला धूळ सोसत नाही, म्हणून चपला दारातच काढायच्या, हा नियमही तात्यांनीच घातला. देवळात शिरावं तसे लोक पाय झटकून आत जायचे. तात्यांची छाती फुगायची.

पुढं या नियमानंच त्यांची झोप उडवली. केरू ड्रायव्हर एस.टी.तून रिटायर झाला आणि त्याचा पोरगा प्रबुद्ध पुण्याला कोर्स करून आला. त्यानं दुकान टाकलं ते नेमकं तात्यांच्या समोर, रस्त्यापलीकडं. चपलांचा नियम तोच. मग काय, कुणाच्या दुकानात किती गिऱ्हाईक, हे साऱ्या रस्त्याला चपलांवरून दिसायला लागलं.

तात्यांचा स्वभाव मुळातच जळका. एकदा शेजारच्या नाथाजीची म्हैस रेडी व्याली आणि यांची रेडा, तर गड्यानं घरच्या दुधाचा चहा सोडला होता! आता तर दिवसभर नजर त्या चपलांवर. बायको, बनुबाई, जेवणाचा डबा ठेवता ठेवता म्हणायची, "आवं, तिकडच्या चपला बघून हिकडं पत्रिका निघत्यात व्हय?"

"त्यात निम्म्या त्याच्या घरच्याच असतील," तात्या म्हणायचे, आणि पुन्हा बघायचे.

त्या वर्षीच्या लग्नसराईत प्रबुद्धनं पत्रिकेवर एक मोर काढला. पिसारा असा, की पार खालपर्यंत उतरलेला. ज्याच्या त्याच्या तोंडी मोर! तात्यांना घास गोड लागेना. शेवटी त्यांनी पुतण्याला, जयराजला, गाठलं. "त्या मोराची फ्लॉपी मागून आण. माझं नाव काढू नगंस."

प्रबुद्धनं मागितल्या क्षणी दिली. तो कुणाला नाही म्हणायचाच नाही. शेजारणींनी विरजण न्यावं तशा त्याच्या फ्लॉप्या पलूसपर्यंत फिरून यायच्या. तात्यांचं उलटं. मशीनबरोबर सांगलीहून आलेली, मशीन चालू करायची फ्लॉपी त्यांनी खिटी बंद करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवली होती. खिटी बंद असली की फ्लॉपीवर नवं काही चढत नाही. दसऱ्याला तेवढी पूजेला बाहेर यायची. उसनी कुणालाही नाही.

तर मोर घरात आला आणि चारच दिवसांत मशीन फिरलं. काळ्या पडद्यावरची अक्षरं, झाड हलवल्यावर चिंचा पडाव्यात तशी, एकेक करून खाली गळायला लागली. आणि आत अडकली कुणाची पत्रिका? नानासोंच्या लेकीची! मोठा बागायतदार माणूस. वर कुणाचं नाव, खाली कुणाचं, यावरून भावकीत तीनदा रुसवेफुगवे होऊन कशीबशी जुळलेली पत्रिका. ती आता उघडेचना. तात्या तातडीनं सांगलीहून अँटीव्हायरस घेऊन आले. त्यानं सारं मशीन तपासलं आणि निरोप दिला, की व्हायरस नाही. तात्या हुश्श करतात तोवर त्या निरोपाचीच अक्षरं टपाटप खाली!

नानासो दारात आले. "तात्या, आज सांजच्याला मजकूर सांगलीच्या प्रेसला गेला पायजे. जमत नसंल तर सांगा. समोर हायच की."

'समोर' हा शब्द तात्यांच्या काळजात रुतला. पलीकडं बघितलं, तर चपलांची रास कधी नव्हती एवढी मोठी. प्रबुद्धनंच हा व्हायरस मुद्दाम धाडलाय, त्यांना खात्रीच झाली. पण आता विचारायचं तर त्यालाच. आणि तिथं जायचं म्हणजे त्या राशीत आपल्याही चपलेची भर! साऱ्या स्टँडला दिसणार.

तात्यांनी चपला आपल्याच दारात ठेवल्या आणि वैशाखाच्या भर दुपारी, डांबर पाघळलेल्या रस्त्यावरून, अनवाणी निघाले. एक पाय टेकवतात तोवर दुसरा उचलतात. स्टँडवरचा पानवाला ओरडला, "तात्या, नवस हाय का?"

"व्हय!" तात्या म्हणाले आणि उड्या मारत आत शिरले.

आत बघतात तर माणसं भिंतीला टेकून पेंगतायत, आणि प्रबुद्ध कपाळाला हात लावून बसलाय. पुढ्यातल्या पडद्यावरची अक्षरं गळतायत! ती चपलांची रास कामाची नव्हती, खोळंब्याची होती. तात्यांच्या तळपायांची आग होत होती, पण पोटात असं गार पडलं म्हणता!

"तुजंबी तसंच व्हय रं?" त्यांनी हळहळल्यागत विचारलं.

"तात्या, ह्यो लय बेरकी. मशीन चालू झालं की आधी हाच जागा होतो. अँटीव्हायरस मागनं उठतो, अन् हा सांगंल तेवढंच बघतो. चांगल्या, बंद खिटीच्या फ्लॉपीवरनं मशीन चालू केलं, तर हा झोपलेला सापडंल. पण माझ्या सगळ्या फ्लॉप्या गावभर फिरून नासल्यात."

तात्यांच्या डोळ्यांपुढं डबा उभा राहिला. गुपचूप जावं, आपलं मशीन बरं करावं, आणि ही सारी रास उचलून आपल्या दारात आणावी! ते उठलेच.

तेवढ्यात केरू मागच्या दारानं पाण्याची बादली घेऊन आला. "आवं तात्या, पाय पार भाजलं की!" त्यानं तात्यांच्या पायांवर पाणी ओतलं आणि आपल्या वहाणा पुढं सरकवल्या. लाल गोंड्याच्या, चालताना करकर वाजणाऱ्या. आख्खं आष्टं त्या आवाजावरून केरूला ओळखायचं. "ह्या घाला. असं जाऊ नगा."

तात्यांनी वहाणा पायात सरकवल्या. करकर करत पलीकडं गेले आणि करकर करत डबा घेऊन आले. "फ्लॉपी हातात देणार न्हाई. मीच घालणार, मीच काढणार."

प्रबुद्धचं मशीन सुधारलं. मग प्रबुद्ध तात्यांबरोबर रस्ता ओलांडून गेला आणि तेही सुधारलं. पत्रिका उघडली. वर नानासोंच्या भावकीची नावं, आणि बाजूनं पिसारा पार खालपर्यंत.

प्रबुद्ध गालात हसला. "तात्या, मोर वळखीचा दिसतोय."

"मोर सगळे सारखेच असत्यात."

"मोरासंगंच आला ह्यो व्हायरस. तुमीच उघड मागितला असता तर दोघांनी मिळून आधीच तपासला असता की."

तात्यांनी प्रिंटरमधला कागद उगाच नीट केला. नानासोंचा मजकूर दिवेलागणीच्या आत सांगलीला गेला.

केरूच्या वहाणा मात्र नियमाप्रमाणं तात्यांच्या दारातच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पानवाला म्हणाला, "आयला, केरू ड्रायव्हर पोराचं दुकान सोडून तात्याकडं?" दोघं-तिघं कुतूहलानं तात्यांच्या दुकानात डोकावून गेले.

पलीकडून केरूनं हाळी दिली, "तात्या, माझ्या वहाणा?"

"आणतो की दुपारी, ऊन उतरू दे!"

दुपार गेली, पुढचा दिवसही गेला. "आवं, देऊन या की," बनुबाई म्हणाली. तात्यांनी फडकं घेऊन वहाणा पुसल्या आणि गोंडे रस्त्याकडं येतील अशा वळवून पुन्हा तिथंच ठेवल्या. मग पलीकडं नजर टाकली. रास आपल्यापेक्षा मोठी होती. पण तीत केरूच्या वहाणा नव्हत्या, एवढं त्यांनी दोनदा बघून घेतलं.