तिच्या माहेरचा हिवताप

बायको जाऊन वर्ष होत आलं. लोक म्हणतात, विसरा आता. का विसरू? पण तिचं मरण आज नको. ती वाचली, त्या वेळचं लिहितो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. निपाणीत आम्ही दोघं भाऊ एकाच घरात राहायचो. माझी बायको आणि भावजय, दोघी पहिलटकरणी, एका खोलीत बसून विड्या वळायच्या. डास दोघींना सारखेच चावायचे. भावजय ठणठणीत. माझी मात्र सहाव्या महिन्यात अशी हुडहुडायला लागली की घरातल्या साऱ्या वाकळा टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात.

डॉक्टरनं रक्त तपासलं. हिवताप निघाला. आई आणि पोर दोघांच्याही जिवाला धोका, म्हणाला.

मी विचारलं, "एका घरात एकीलाच का?"

"पहिल्या खेपेला हा ताप जास्त धरतो. आणि तापाशी झुंजायची ताकद कुणाला आईबापाकडनं जास्त येते, कुणाला कमी. पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही. गोळ्या तेवढ्या चुकवू नका."

घरी आईनं गोळ्यांची पुडीच लपवली. "गरम पडतात. पोर पडंल. आणि हिच्या माहेरचं रक्तच नासकं, त्याला गोळी काय करणार?"

वाकळेतनं बायको बोलली, "मग चांगल्या रक्ताची बघून आणायची हुती की, आत्याबाई."

तेवढ्यात सदलग्याहून सासू आली, लेकीला बाळंतपणाला न्यायला. दारातच तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता जुंपणार. पण ती मटकन खाली बसली.

"व्हय इहीणबाई, आमच्यातच हाय ते. माझं पहिलं ह्याच तापात गेलं. माझ्या बहिणीचंबी. गरम पडंल म्हणून आमाला गोळी कुणी दिली न्हाय. तरी गेलंच की."

आई उठली, जोंधळ्याच्या डब्यात हात घातला आणि पुडी काढून दिली.

सासू लेकीला माहेरी न नेता इथंच राहिली. डॉक्टर जवळ होता म्हणून. पहिलं बाळंतपण सासरी म्हणून गल्लीनं लई टोमणे मारले. सासू रोज लेकीला म्हणायची, "जीभ उचल, बघू गिळलीस का." कडू गोळी ती गालात दाबून ठेवायची ना!

पोरगी झाली. मूठभर, पण आवाज भोंग्यासारखा. बायकोनं आधी तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप न्हाय," म्हणाली, आणि मग कुठं हसली.