मास्तरांचा उजवा खांदा

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हते. दिवसभर ते पाण्याचे मीटर दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी सहानंतर एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात वजन उचलायला शिकवायचे. एकतीस वर्षं. छपाईची यंत्रं कधीच भंगारात गेली होती, पण ती ज्यांवर बसवली होती ते जाड बोल्ट जमिनीतून अजून वर आलेले होते. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी त्यातल्या एखाद्याची ठेच लागायची.

"लागलं?" मास्तर विचारायचे.

"हो."

"छान. आता इथला झालास."

दुखण्याबद्दल त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. दुखतंय म्हणजे वाढतंय. गुडघा असो, पाठ असो, खांदा असो, उपचार एकच, गरम तेल आणि मास्तरांचे अंगठे. गंजलेले स्क्रू पिळून पिळून ते अंगठे पकडीसारखे झाले होते. खांद्यात रुतले की भल्या भल्या पहिलवानांना आई आठवायची. दुसऱ्या दिवशी वजनाची दांडी पुन्हा हातात. "बसलास की गंजलास," हे वर.

त्या मंगळवारी मास्तर कामावरून थेट आले होते. अंग गार, चहासुद्धा झालेला नव्हता. एका पोराला वजन एका झटक्यात डोक्यावर नेणं जमत नव्हतं, म्हणून मास्तर म्हणाले, "सरक. बघ नीट." दांडीवर फक्त चाळीस किलो होते. ऐन उमेदीत ते याच्या तिप्पट उचलायचे. दांडी सर्रकन वर गेली, पण जरा जास्तच मागे गेली. अशा वेळी ती सोडून द्यायची असते. हे ते स्वतःच पोरांना रोज ओरडून सांगायचे. पण सोळा जण बघत होते. मास्तरांनी ती ओढून पुढे आणायचा प्रयत्न केला.

खांद्याच्या आत काहीतरी कापडासारखं फाटलं. दांडी पाठीमागे धाडकन आदळली. तळघरात कोपऱ्यातल्या गळक्या नळाचा थेंबही ऐकू येऊ लागला.

"पाय घसरला," मास्तर म्हणाले आणि हसले. पण कपाळावरचा घाम पुसायला उजवा हात वर न्यायला गेले, तर तो छातीपर्यंतच आला आणि थांबला. त्यांनी पटकन डाव्या हातानं घाम पुसला. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं त्यांना वाटलं.

घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. गणवेश शिवून देण्याचं तिचं काम. तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि मशीन थांबवलं.

"छातीत दुखतंय? दम लागतोय? चक्कर?"

"खांदा आहे गं. तेल तापव."

मास्तरांनी तिच्याकडून खांदा चोळून घेतला. "जोर लाव. आणखी. पीठ मळतेस की खांदा चोळतेस?" मग गरम पाण्याची पिशवी. सकाळी उठल्यावर त्यांनी आखडलेला खांदा मोकळा करायचा म्हणून उजवा हात डाव्यानं उचलून वर नेला आणि दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी लटकून घेतलं. क्षणभरच लटकले. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

त्यानंतर सदरा घालायची वेळ आली. उजवा हात बाजूनं वर उचलायचा होता. मास्तरांनी हाताला हुकूम दिला आणि हात हललाच नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. हात कमरेपासून वीतभर वर आला, थरथरला आणि खाली पडला. एकोणसाठ वर्षांत त्यांनी त्या हाताला काही सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही, असं कधी झालं नव्हतं. ते पलंगावर बसले आणि त्या हाताकडे बघत राहिले. परक्याचा हात चुकून आपल्या अंगाला लागलाय, असं त्यांना वाटलं.

बायकोनं त्यांना सदरा घातला, बटणं लावली आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी हृदयाचा आलेख काढून ती शंका मिटवली. एक्स-रेत हाडं शाबूत होती. "हाड दिसतं यात, स्नायू नाही दिसत," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी देऊन वरच्या मजल्यावरच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती बाई मास्तरांच्या मुलीच्या वयाची, जेमतेम त्यांच्या खांद्याला लागेल एवढी. ही काय आपल्याला शिकवणार, असं त्यांच्या मनात आलंच.

"कुठं दुखतं, एका बोटानं दाखवा."

मास्तरांनी अख्खा पंजा खांद्यावर ठेवला.

"बोट म्हटलं मी."

बोट खांद्याच्या टोकाला, हाडाच्या जरा खाली थांबलं. मग तिनं हात हळूहळू बाजूनं वर न्यायला लावला, स्वतः आधार देत. सुरुवातीला ठीक होतं. खांद्याच्या उंचीच्या आसपास कळ आली. त्याच्या पुढं, पार वर गेल्यावर, पुन्हा जरा बरं वाटलं. "कूस बदलताना जाग येते?" आली होती. "त्या कुशीवर झोपवतं?" नाही. मग तिनं हात थोडा पुढं धरायला सांगितला, अंगठा जमिनीकडे. "मी खाली दाबते, तुम्ही दाबू देऊ नका."

हात पटकन खाली गेला.

"अहो, एवढा जोर लावलात तर कुणाचाही जाईल," मास्तर म्हणाले.

"मी दोन बोटं ठेवली होती," ती म्हणाली.



तिनं दंडावरचे निळे डाग बघितले. "हे कशाचे?"

"चोळलं."

"कुणी?"

"मी सांगितलं हिला. जोरात चोळ म्हणून."

"आणि शेक?"

"दिला."

"आणखी?"

बायकोनं सांगून टाकलं, "सकाळी दाराला लटकले होते."

फिजिओथेरपिस्टनं पेन खाली ठेवलं. मग समजावलं. खांद्याच्या फऱ्यावरून एक लहान स्नायू निघतो, हाडाच्या छपराखालून जातो आणि दंडाच्या टोकाला धरतो; हात बाजूनं उचलायचं काम त्याचं. तो ताणला गेलाय, काही धागे तुटलेत. सोनोग्राफी केली की किती ते कळेल. पहिले दोन-तीन दिवस अशा जागेला चोळायचं नाही, शेकायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. "तुम्ही ती जखम आणखी वाढवलीत."

"उसवलेली शिवण आम्ही ताणून बघत नाही," बायको हळूच म्हणाली. "आधी मशीन थांबवतो."

सोनोग्राफीत तेच निघालं, अर्धवट फाटलेला स्नायू. ऑपरेशन टळलं. कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. वजन बंद, पण हात गळ्यात बांधून ठेवणंही बंद, नाहीतर सांधा आखडेल. चार दिवसांनी पुढं वाकून हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. मग तळहात भिंतीवर टेकून नुसता दाब द्यायचा. त्यानंतर रबरी पट्टा. दांडी तीन महिन्यांनी, तीही रिकामी. "आणि कळ आली, की थांबायचं."

"कळ आली की थांबायचं?" मास्तरांनी विचारलं. ऐकण्यात काही चूक झाली असावी, असं त्यांना वाटलं.

पाचव्या दिवशी खांद्यावर बर्फ धरून बसलेले असताना मास्तर एकदम ताठ झाले. बर्फ घरंगळून जमिनीवर पडला.

"काय झालं?" बायको धावली.

"बारकी," मास्तर म्हणाले.

बारकी ही त्यांची शिष्या. अंगानं काडी, पण असं तंत्र त्यांनी दुसऱ्या कुणात बघितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिनं खांदा दुखतो म्हणून सांगितलं होतं. तिनं बोट ठेवलं होतं ते नेमकं इथंच, टोकाला, हाडाच्या जरा खाली. मास्तरांनी तिथंच अंगठे रुतवले होते. ती रडली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "नाटकं बंद." दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस किलो उचलायला लावले. महिन्याभरात ती यायची बंद झाली. "दम नव्हता," असं मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

ती रंगाच्या दुकानात कामाला होती. मास्तर आत शिरले तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला भिंतीच्या रंगाचे नमुने दाखवत होती. मास्तरांना बघून तिनं पाठ सरळ केली, तळघरात करायची तशी. गिऱ्हाइकाला वरच्या फळीवरचा डबा हवा होता. तिनं आकडा लावलेली काठी डाव्या हातानं घेतली, डबा कडेला ओढला आणि काठी सोडून त्याच हातानं खाली पोटाशी झेलला. उजवा हात अंगाला चिकटलेलाच राहिला.

गिऱ्हाईक गेलं. मास्तर काही बोलणार, तोच तीच म्हणाली, "माफ करा मास्तर. मी न सांगता सोडलं. माझ्यात दमच नव्हता."

त्यांचाच शब्द. तिच्या तोंडात, दोन वर्षं जपलेला. मास्तर मटकन एका रंगाच्या पिंपावर बसले.

"तुझ्यात दम होता गं," ते म्हणाले. "तुझा स्नायू फाटला होता. मी त्याच्यावर अंगठे दिले. मला काही कळत नव्हतं, बारके, आणि मी कळतंय असं दाखवत होतो."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"मी घरी सांगितलं, की मीच नालायक निघाले," ती म्हणाली. "आईनं माझं खेळाचं सगळं सामान देऊन टाकलं. मीच दे म्हटलं. दोन वर्षं, मास्तर?"

मास्तरांनी फिजिओथेरपिस्टचा पत्ता लिहिलेला कागद काउंटरवर ठेवला. डाव्या हातानं लिहिलेला, कोंबडीचे पाय.

"आज तुम्ही जा," बारकी म्हणाली.

ते गेले. तीन दिवसांनी ती आपली आपण दवाखान्यात गेली, हे त्यांना नंतर कळलं. तिचा खांदा आखडलेला होता आणि जुनं दुखणं हट्टी असतं. तिला पाच महिने लागले. हात पूर्ण वर जायला लागला. तळघरात मात्र ती परत आली नाही आणि मास्तरांनीही तिला ये म्हटलं नाही. तेवढा अधिकार आपल्याला उरला नाही, हे त्यांना समजत होतं.

दुखापतीनंतर सहा आठवड्यांनी मास्तर तळघरात उतरले. मुलामुलींनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. हात कानापर्यंतच गेला. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाय घसरला नव्हता, हे सांगितलं. दाराला लटकल्याचं सांगितलं, तेव्हा थोडं हसू फुटलं. बारकीचं सांगितलं, तेव्हा ते विझलं. बाकावर बसलेली एक आई उठली, मुलीची पिशवी उचलली आणि तिला घेऊन जिना चढून निघून गेली. मास्तरांनी तिला अडवलं नाही. तिचं काही चुकत होतं, असं म्हणायला जागाच नव्हती.

"आता विचारतो," मास्तर म्हणाले. "इथं कुणाला काही दुखतंय?"

सगळे एकमेकांकडे बघत होते. मग मागच्या भिंतीजवळून त्यांचा सगळ्यात दणकट शिष्य, टपालाची पोती वाहणारा, ज्याला कधी कुणी कण्हताना ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "मास्तर, कंबर. तीन महिने झाले."

"तीन महिने? अरे, मग बोलला का नाहीस?"

त्यानं नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

त्याच्या शेजारची म्हणाली, "माझं मनगट." आणखी एकानं गुडघ्यावर हात ठेवला. ज्याला शिकवायला मास्तर त्या मंगळवारी पुढं सरसावले होते, तो पोरगा खाली मान घालून म्हणाला, "माझाही खांदाच. म्हणून जमत नव्हतं मला."

पंधरापैकी नऊ जण. मास्तरांनी भिंतीला पाठ टेकली. एकतीस वर्षांत या तळघरात एकालाही काही दुखत नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता!

त्या संध्याकाळी कुणीच दांडीला हात लावला नाही. मास्तर जमिनीवर मांडी घालून बसले आणि पोतीवाल्याला म्हणाले, "तू आधी. कधीपासून, काय करताना, नेमकं कुठं. सावकाश सांग."