एक बाजू, एक कप

ज्या दुकानात गिऱ्हाईक कमी, तिथे किस्से जास्त साठतात. रेवदंड्यातल्या आमच्या दुकानात तर डब्याच्या तळाशी चहाची भुकटी साठावी तसे साठलेत. दुकान माझ्या काकांचं. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. एका बाजूला किलोवर विकायचा सुटा पानाचा चहा, दुसऱ्या बाजूला ग्रामोफोनच्या तबकड्या. कॉलेज संपवून मी जाहिरात सांभाळायला बसले, तेव्हा मोबाईलचा एक व्यापारी ही जागा भाड्याने मागत होता. "दिवाळीपर्यंत बघू, नाही चाललं तर देऊन टाकू," असं अण्णा म्हणाले होते.

*

अण्णांचा नियम असा, की चहा घ्यायचा तर आधी बसायचं. ते ग्रामोफोनच्या मशीनला चावी देतात, तबकडी लावतात, किटलीत पानं टाकून झाकण ठेवतात. एक बाजू वाजून संपली की चहा मुरला. कप रिकामा झाला की एकच प्रश्न, "पाव किलो की अर्धा?" त्याआधी विक्री नाही!

एकदा एक बाई अलिबागची रिक्षा थांबवून घाईत आली. तिला बसवलं. "गाडी चालू हाय, अण्णा," म्हणत रिक्षावाला आत आला, त्यालाही बसवलं. मग मागचे दोन पॅसेंजर आले. चार कप गेले. पाव किलो नेला तो रिक्षावाल्याने. बाई तशीच गेली.

*

मग मी इन्स्टावर दुकानाची रील टाकली. शनिवारी पुण्याचं एक जोडपं आलं, एकदम बारा तबकड्या मागायला लागलं. माझं फक्त नाचायचं बाकी होतं. अण्णांनी विचारलं, मशीन कुठलं? मशीन नाही, हॉलच्या भिंतीवर लावायच्यात, ते म्हणाले.

अण्णांनी बाराच्या बारा परत फळीवर ठेवल्या. "भिंतीला कॅलेंडर लावा. समोर वाण्याकडे फुकट मिळतं."

त्या दिवशी मी अण्णांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

*

मोहल्ल्यातल्या नजमाखाला दर महिन्याला चहा न्यायला येतात. नवरा कितीतरी वर्षं कुवेतला. त्यांना दर वेळी तीच तबकडी लागते. तिच्यावर मध्येच एक ओरखडा आहे. सुई तिथे अडकते आणि तोच शब्द वाजत राहतो. खाला उठतात, करंगळीने सुई पुढे सरकवतात, परत बसतात.

मी म्हटलं, खाला, ही टाकून देते, दुसरी लावते.

"राहू दे गो," त्या म्हणाल्या. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी डबे पुसायला घेतले.

*

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात विक्री होती तिथेच होती. मोबाईलवाला माप घ्यायला आला. टेपचं एक टोक मीच धरलं होतं. तेवढ्यात नजमाखाला आल्या, सोबत कुवेतहून कायमचे परत आलेले त्यांचे मिया. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. अण्णांनी काही न विचारता ती तबकडी काढली आणि मोबाईलवाल्याला म्हणाले, "तुम्हीपण बसा. नियम आहे."

गाणं सुरू झालं. ओरखडा जवळ आला तशा खाला उठायला लागल्या, पण त्यांचे मिया आधीच उठले होते. सुई अडकायच्या आत त्यांची करंगळी तिथे होती.

बाजू संपली. मोबाईलवाल्याने कप संपवला, माझ्या हातातलं टोक सोडवून घेतलं आणि टेप गुंडाळली.

"जागा लहान पडेल," तो म्हणाला.

अण्णांनी विचारलं, "पाव किलो की अर्धा?"

"अर्धा."