हार्लनवरचं गवत

माझी जाऊ व्हर्नेटा महासंशयी. चर्चच्या जेवणात कुणी तिला आग्रह केला तरी हिला शंका, कालचं शिळं खपवतायत.

तिचा खरा दात होता दफनभूमीची देखभाल करणाऱ्या ड्वेनवर. आमच्या आयोवातल्या त्या जुन्या जागेचं त्यानं राखीव माळरान करून टाकलं होतं. मेलेल्यांमुळे तिथे कधी नांगर फिरला नाही, म्हणून मूळचं गवत टिकलं, पुरुषभर वाढतं. शाळेची पोरं आणून तो त्यांना त्या गवताची मुळं दाखवायचा. आमच्याकडे थडग्यावर गवत वाढलं की घराण्याची लाज जाते, आणि हा बाबा त्याचेच धडे देतोय!

व्हर्नेटाचा तान्हा भाऊ हार्लन तिथे पुरलेला. ही लग्नानंतर बरीच वर्षं शहरात होती. आईच्या शेवटच्या आजारपणात परत आली, तेव्हा आई म्हणाली, "त्याच्यावर गवत माजू देऊ नकोस गं." ही गेली बघायला, तर त्याचा छोटा दगडच दिसेना. झालं! आठवत होती ती जागा धरून दर आठवड्याला ती तिथलं गवत यंत्रानं भादरू लागली.

"दगड ड्वेननंच उचलला," ती म्हणायची. "आधी नाव घालवायचं, मग जागा गिळायची."

"अगं, तान्ह्या पोराचा दगड घेऊन तो काय करील?"

"तू गप्प बस. तुला तो कॉफी पाजतो."

पाजायचा खरं. त्यामुळे मीही मनातून जरा सावध झाले.

जाळल्याशिवाय ते गवत जोमानं येत नाही. पण ड्वेननं जाळायचा विषय काढला की ही आडवी. "आमच्या माणसांवर आग लावणार?" शेवटी यंदा दफनभूमीच्या मंडळानं परवानगी दिली. एप्रिलमध्ये जाळायच्या दिवशी ही पाण्याची बादली घेऊन कुंपणाबाहेर उभी.

"माझ्या तुकड्याकडे ठिणगी गेली तर तुझ्या डोक्यावर ओतीन!"

"ओता काकू, पण जरा मागं सरका," ड्वेन म्हणाला.

आग झरझर गेली. धूर विरल्यावर पार उताराला, तिच्या तुकड्यापासून लांब, एक आडवा पडलेला दगड दिसला. मी राख पुसली. हार्लनचं नाव. दगड मातीत पक्का रुतलेला होता.

"रातोरात आणून ठेवला यानं," व्हर्नेटा म्हणाली. आवाजात दम नव्हता. तिनं वळून आपल्या तुकड्याकडे पाहिलं. दर मे महिन्यात, मृतांच्या स्मरणदिनी, ती तिथेच फुलं ठेवायची, तिथेच बसून त्याच्याशी बोलायची.

"मग तिथे कोण आहे रे?"

"कुणीच नाही, काकू."

ती मटकन राखेत बसली. दगडावर हात ठेवून म्हणाली, "अरे सोन्या, मग मला हाक तरी मारायचीस!"